बारा दोरे आणि एक पाटी लेंड्या

आमची झेंडूची वाडी नाशिकच्या बाहेर, गोदावरीच्या काठाला. छपराच्या वळचणीखाली पिठासारखी कोरडी माती, आणि तिच्यात सुपारी मावेल एवढाले खड्डे. प्रत्येकाच्या तळाशी एक किडा दडलेला. मुंगी घसरली की खालून माती उडवायचा, तिला पाडायचा आणि ओढून न्यायचा. चालायचा मात्र उलटा. बायको म्हणायची, "तुमचाच भाऊबंद."

फुलं न्यायला शाळेचे एक मास्तर यायचे. त्यांना ह्या किड्यांचं वेड. त्यांची इगतपुरीला बदली झालेली, दीड महिन्यात निघायचं होतं. मला म्हणाले, "तिकडं पावसाचा मुलूख. ह्या किड्याला शेवटी पंख फुटतात, ते एकदा डोळ्यांनी बघून जायचंय. तू रोजचं टिपण ठेव."

जन्मात मला कुणी टिपण ठेव म्हणालं नव्हतं. मी फुगलो. लिहिता येत नव्हतं, एवढीच अडचण. मग हार ओवायचे केळीच्या सोपाचे दोरे घेतले, बारा खड्ड्यांचे बारा, आणि भिंतीला ओळीनं टांगले. किड्यानं मुंगी धरली की त्याच्या दोऱ्याला एक गाठ. दिवसभर मी पालथा. तिकडं झेंडूनं माना टाकल्या.

पुढं एकेक खड्डा ओस पडायला लागला. खुरप्यानं उकरावं तर किडा गायब, आणि जागेवर एक गोल लेंडी. शेळी शेजारीच बांधलेली. मी ताडलं, हीच किडे खाते आणि वर लेंडी ठेवून जाते. तिला लांब आंब्याखाली बांधली. तरी लेंड्या निघतच राहिल्या. वाया कशाला घालवा, म्हणून खताच्या पाटीत टाकत गेलो.

बारावा खड्डा ओस पडला तेव्हा दोरे घेऊन मास्तरांपुढं उभा राहिलो. "मास्तर, शेळीनं घात केला."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "लेंडी किती खाली सापडायची?"

"बोटभर."

"मग शेळी ती पुरते का रे?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता. किडा मातीचा गोळा करून आत झोपतो आणि पंख घेऊनच बाहेर येतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. माझं तोंड उतरलं. अर्ध्याच्या वर पाटी वाफ्यात पडून वर पाणीही दिलेलं.

मास्तरांनी धोतर खोचलं आणि उरलेल्या पाटीपुढं बसले. मी समोर. एकेक लेंडी चिमटीत धरून बघायची. बायको दारात आली. "हे एकटे होते तोवर ठीक होतं, मास्तर."

तळाशी एक निघाली. बोटाला रेती लागली, ही लेंडी नव्हे. फुटक्या कंदिलाच्या काचेला खालून फडकं बांधलं, कोरडी माती भरून तिला निजवली, काडी रोवली, वरही फडकं बांधलं. मग काचेवरनं नजर हलेना, मी शेळीकडंसुद्धा बघेनासा झालो.

मास्तर निघायच्या सकाळी काडीला लांब, जाळीदार पंखांचा किडा लटकलेला. दोरे खांद्यावर टाकले आणि काच छातीशी धरून पळालो. टांग्यात सामान चढलं होतं. मास्तर टांग्याच्या पायरीवरच बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. टांगेवाला म्हणाला, "गाडी चुकेल साहेब." त्यांनी वही काढली.

"हा कुठल्या खड्ड्यातला?"

मी बाराही दोरे पुढं केले. कुठल्या खड्ड्यातली लेंडी कुठली, हे मला कुठं ठाऊक?

मास्तरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "खड्डा माहीत नाही. सापडला खताच्या पाटीत." मग दोऱ्यांचा जुडगा वहीला गुंडाळून खिशात घातला.

घरी आलो तर बायको हार ओवायला बसलेली. "दोरे कुठायत?"

"इगतपुरीला गेले," म्हणालो.