रफिकने न मारलेले गोल

साखरखेर्ड्याच्या आमच्या जुन्या फुटबॉल टीममधले चौघे चहाला बसलो, की आधी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग रफिकचे किस्से निघतात. मी गोलकीपर. गोलकीपरला उभं राहून बघायचंच काम जास्त, त्यामुळे किस्से माझ्याकडेच साठले!

रफिक मिडफिल्डर. पुढे मुंबईच्या एका क्लबात पगारावर खेळला, आमच्यातला तो एकटाच. पण स्वतः गोल मारायचं त्याच्या मनातच येत नसे. बॉल हिसकावायचा आणि आमचा स्ट्रायकर गजानन, त्याच्या पायात नेऊन ठेवायचा. गाव टाळ्या गजाननसाठी वाजवायचं.

रफिकचे वडील युसुफचाचा कापूसवाले शेतकरी. त्यांना हे मुळीच पटत नसे.

"आज तुये गोल किती?"

"एकबी नाही, अब्बा. पन गजाननले बॉल मीच देल्ला."

"म्हंजे पेरलं तू अन् वेचलं त्यानं? हा काय खेळ हाय बे!"

*

उन्हाळ्यात आमची प्रॅक्टिस शेतात चालायची. कापसाची पऱ्हाटी कापलेली, पण तिचे टोकदार खुंट जमिनीत तसेच. पाय उचलून पळालं नाही, तर अंगठा गेलाच!

मुंबईच्या ट्रायलला कोचने शिट्टी मारून रफिकला थांबवलं. "अरे, एवढ्या छान हिरवळीवर पाय इतके उंच का उचलतोस?"

"सर, खुंट लागते."

तरीही घेतलं त्याला.

*

हॉटेलात कुणीतरी चाचांना विचारलं, "पोट्टा मुंबईत कुठं खेळते?"

"मधात."

"मधात म्हंजे?"

"म्हंजे कोनाच्याच कामाचा नाही, पन मधून हटत नाही!"

हसलो सगळे. चाचा हसले नाहीत.

*

आमचं मैदान म्हणजे कापसाच्या गाड्या लावायचं पटांगण. कापसाचं बीटी बियाणं नवं होतं तेव्हा पीक भरघोस, गाड्यांची रांग हटायचीच नाही. "हे बीटी फुटबॉलले खाऊन राह्यलं," असं गजानन चिडून म्हणायचा.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. एका संध्याकाळी गजानन बॉल घेऊन पळतच आला. "अबे, ग्राउंड खाली हाय! एकबी गाडी नाही!"

आम्ही ओरडलो, उड्या मारल्या. मग गजाननने बॉल काखेत घेतला. इथे त्याच्याही कापसाची गाडी असायला हवी होती. त्या दिवशी कुणी खेळलं नाही. थोड्याच दिवसांत तो पुण्याला कंपनीत कामाला गेला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

*

गुडघा गेला आणि रफिक गावी परतला. त्याच्यासाठी आम्ही खेळातल्या निरोपाची मॅच ठेवली. दिवाळीला आलेल्या गजाननलाही ओढून मैदानात उतरवलं. त्याचं पोट सुटलं होतं, बूट उसने होते.

चाचा पहिल्यांदाच मॅच बघायला आले, इस्त्रीचे कपडे घालून. सुरुवातीलाच त्यांनी रफिकला बजावलं, "आज तरी एक तुया पायानं दाखव."

शेवटी शेवटी बॉल रफिककडे आला. समोरचा गोलकीपर घसरून पडलेला, गोल सताड उघडा. अख्खं गाव ओरडत होतं, "मार! मार बे!"

रफिकने मान वळवली आणि बॉल गजाननला दिला.

गजाननने मारला. आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडला. रफिक त्याच्याजवळ जाऊन बसला. मी चाचांकडे बघायचं टाळलं.

परतताना हॉटेलवाल्याने हाक मारली, "काय चाचा, रफिकनं मारला का गोल?"

"हाव," चाचा म्हणाले. "गजाननच्या पायानं."