चौकटीवरची डबी

अलिबागला रिबेकामावशीच्या बंद घरापाशी काल थांबलो. तिच्या बेने इस्रायली ज्यू रीतीप्रमाणे दाराच्या चौकटीवर ठोकलेली प्रार्थनेची तिरपी डबी अजून तशीच आहे. हिब्रूत घराला ‘बायित’ म्हणतात, असं मावशीनं लहानपणी सांगितलं, तेव्हा शेजारच्या अमीनाचाची हसल्या होत्या, “आमच्या अरबीत बैत!” व्यंजनं तीच, स्वर तेवढे निराळे. व्यंजनं भिंतींसारखी उभी राहतात. स्वर माणसांसारखे बदलत जातात. मावशीही इस्रायलला गेली, ती गेलीच.

तेवढ्यात म्हाताऱ्या अमीनाचाची आल्या. जाता जाता त्यांनी डबीला बोटं लावली आणि मावशी येता-जाता टेकवायची, थेट तशी ओठांना टेकवली.

“चाची, तुम्ही?”

“तिनं काही सांगितलं नव्हतं रे. पण घराला सवय आहे ना!”