चौकोनांतली पत्रं

सीडीकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. बाकी सगळीकडे ते सीडीकाकाच. एकवीस वर्षं त्यांच्या खांद्याला एकच काळी बॅग होती. तिच्यात सीड्यांची पाकिटं, एक बारका स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जाडजूड वही. कुठल्या ऑफिसातल्या कुठल्या मशीनला कुठला पंचवीस अक्षरी नंबर दिला, हे सगळं त्या वहीत होतं. ऑफिसात शिरल्यावर काका आधी खुर्ची मागायचे, मग खिशातल्या रुमालाने कीबोर्ड पुसायचे आणि मग विचारायचे, "काय म्हणतंय?" मशीन काहीही म्हणत असलं तरी ते बंद करून पुन्हा चालू करायचे. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानेच भागायचं. उरलेल्या दोन वेळा ते बॅगेतली सीडी काढून सगळं पहिल्यापासून घालायचे. तेवढ्यात ऑफिसातल्या लोकांचा अर्धा दिवस आरामात जायचा, त्यामुळे काका सगळ्यांना आवडत.

मग इंटरनेटवरचे प्रोग्राम आले. मशीनमध्ये काही घालायचंच नाही. पान उघडा, नाव टाका, काम सुरू करा, आणि तीच फाइल घरून उघडा, नाहीतर फोनवरून उघडा. पहिल्या ऑफिसने काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे वा, बरं झालं." दुसऱ्याने सांगितलं तेव्हाही तेच म्हणाले. तीन वर्षांत तेरा ऑफिसांना ते "बरं झालं" म्हणाले, आणि शेवटी त्यांच्याकडे एकच ठिकाण राहिलं, ते म्हणजे बिजागऱ्यांचा कारखाना. बत्तीस मशीन, दर मंगळवार. आठवड्यातले उरलेले सहा दिवस काका घरातल्या चालू वस्तू दुरुस्त करत. पंखा त्यांनी दोनदा खोलला. दुसऱ्यांदा जोडल्यावर तीन स्क्रू उरले, तेव्हा बायकोने ते तिन्ही उचलून स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, "मंगळवार टिकवा बाबा हा तुमचा. नाहीतर पुढच्या वर्षी हे घर स्क्रूशिवाय उभं असेल."

मंगळवार टिकायला एकच अडचण होती. काकांची मुलगी इंटरनेटवरचे प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीत होती.

ती हुशार होती, बोलण्यात गोड होती, आणि तेरापैकी चार ऑफिसं तिनेच पटवली होती. हे काकांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. घरात त्यावर कोणी हूं की चूं करत नसे. बायकोने नियमच करून टाकला होता की जेवणाच्या टेबलावर सॉफ्टवेअर हा शब्द जो काढेल त्याने आपलं ताट घेऊन गॅलरीत जायचं. आतापर्यंत काका दोनदा आणि मुलगी एकदा गॅलरीत जेवली होती.

रविवारी दुपारी मुलगी स्वतःच ताट घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिली. काकांना कळायचं ते कळलं. तेही आपलं ताट घेऊन बाहेर आले.

"बाबा, मंगळवारी मी पण येतेय."

"कुठे?"

"बिजागऱ्यांकडे. मालकांनी बोलावलंय. मी मागून नाही घेतलं, कंपनीने माझ्याच गळ्यात घातलं."

"ये की," काका म्हणाले. "स्कूटरवर जागा आहे."

आतून बायको म्हणाली, "दोघांचा डबा एकत्रच देते मग. भांडलात तर उपाशी राहाल."

आता सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे, जी काकांनी एकवीस वर्षांत कोणाला ताकास तूर लागू न देता सांभाळली होती. त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा त्यांच्याकडे दोन सीड्या होत्या. एकीत पत्रं लिहायचा प्रोग्राम आणि दुसरीत तक्ते करायचा, म्हणजे पडदाभर चौकोन असतात तो. पत्रांच्या सीडीवर चरा पडलेला होता. ती चालेचना. नवी येईपर्यंत दीड महिना गेला, आणि तोवर काकांनी अकरा ऑफिसांना शिकवून टाकलं होतं. तक्त्यांच्याच प्रोग्राममध्ये. आकडेवारी तर तिथेच, पण पत्रंही तिथेच. पहिली ओळ पहिल्या चौकोनात, दुसरी ओळ त्याच्या खालच्या चौकोनात, शेवटी खाली "आपला विश्वासू", असं. पत्र दिसायला छान दिसायचं. लोक खूश झाले. नवी सीडी आली तेव्हा काकांना आपली चूक कळली, पण अकरा ऑफिसांत परत जाऊन "मी तुम्हाला भलतंच शिकवलं" असं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ती सीडी सगळीकडे मुकाट्याने घातली. कोणी विचारलंच तर सांगितलं, "तो प्रोग्राम जड आहे, मशीन बसतं. आपलं आहे ते बरं." लोकांनी विश्वास ठेवला. काकांवर लोक पटकन विश्वास ठेवत, हीच तर मोठी अडचण होती.

बिजागऱ्यांच्या कारखान्यात ही विद्या सगळ्यात जास्त रुजली ती जावक विभागाच्या बाईंकडे. कारखान्यातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्या लिहीत, म्हणून सगळे त्यांना जावकबाई म्हणत. बाई काटेकोर होत्या. वरती ग्राहकांची यादी, तिच्याखाली पत्र, सगळं एकाच फाइलमध्ये आणि एकाच रांगेत. ती फाइल फक्त त्यांच्याच मशीनवर होती. बाई रजेवर गेल्या तर कारखाना बिजागऱ्या बनवायचा, पण कोणाला काही कळवायचा नाही.

मंगळवारी बाप-लेक एकाच स्कूटरवरून निघाले. कोपऱ्याच्या अलीकडे मुलगी म्हणाली, "इथे उतरते. मालकांना उगाच वाटायला नको." काका म्हणाले, "बरोबर आहे." ती उतरून चालत आली, काका पार्किंगला गेले आणि दोघं जिन्यात पुन्हा भेटले. मालक वरच उभे होते. ते म्हणाले, "या काका. या ताई. तुमच्या दोघांचे चेहरे अगदी सारखे आहेत हो." पुढे त्यांनी काही विचारलं नाही. काकांना वाटलं, मालकांना सगळं माहीत असावं. होतंच.

मोठ्या टेबलाभोवती सहा जण बसले. भिंतीवर पडदा लावला. मुलीने जावकबाईंकडून त्यांची फाइल मागून घेतली आणि इंटरनेटवर चढवली. तिने सगळ्यांना आपापल्या लॅपटॉपवर ती उघडायला सांगितली. पडद्यावर सहा रंगांचे सहा बाण फिरायला लागले. मुलगी छान बोलत होती. फाइल हरवत नाही. बाई रजेवर असल्या तरी काम अडत नाही. एक जण यादी करतोय, दुसरा पत्र लिहितोय, कोणी कोणाची वाट बघायची नाही. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. हातातला मंगळवार निसटताना त्यांना दिसत होता, आणि त्याच वेळी आपली मुलगी किती नीट बोलते याचा आनंदही होत होता. या दोन्हींचं काय करायचं ते न कळून ते पाणी पीत राहिले.

"मी करून बघू?" मालक म्हणाले. "ही नावं अक्षरानुसार लावायची तर?"

"ते वरचं बटण दाबा."

मालकांनी दाबलं. नावं अक्षरानुसार लागली. आणि नावांखाली जावकबाईंचं पत्र होतं, तेही अक्षरानुसार लागलं. मालकांनी चष्मा पुढे ओढला आणि मोठ्याने वाचलं. नावांमधून वाट काढत पत्र असं झालं होतं:

"आपण मागवलेल्या बिजागऱ्या. आपला विश्वासू. कळावे. त्यात काही खराब निघाल्यास. पोच मिळाल्यावर कळवावे. बदलून देऊ. महोदय. सोमवारी रवाना केल्या आहेत."

कोणी हसलं नाही, कारण मालक हसले नव्हते.

"बदलून देऊ महोदय," मालक पुन्हा म्हणाले. "कोणाला बदलून देणार आहोत आपण?"

जावकबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "माझं पत्र..." एवढंच त्या म्हणाल्या. मग सावरून म्हणाल्या, "माझ्या मशीनवर असं एकदाही झालं नाही साहेब. एकवीस वर्षांत. सहा जणांचे हात एका फाइलीत घातल्यावर दुसरं काय होणार?"

"बरोबर बोलताय," मालक म्हणाले. "एकाच्या बोटाने दुसऱ्याचं काम विस्कटणार असेल तर कसं चालेल, ताई?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. माहीत नसणं शक्यच नव्हतं. शाळेतले सगळे निबंध तिने काकांच्या मांडीवर बसून त्याच चौकोनांमध्ये लिहिले होते, एका चौकोनात एक ओळ. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका दुपारी तिने आपला सगळा प्रकल्प एकही अक्षर न बोलता दुसऱ्या प्रोग्राममध्ये उतरवला होता. काका तेव्हा दारात उभे होते. तिने वळून पाहिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दोन वाक्यांत तिला सांगता आलं असतं की दोष प्रोग्रामचा नाही. पत्र पत्रासारखं लिहिलेलंच नाही, कुठलाही प्रोग्राम त्या ओळींना यादीच समजणार.

"सॉरी," मुलगी म्हणाली. "आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी चूक असेल. मी कंपनीत विचारून सांगते."

"विचारा. पण आम्ही काही घाई करत नाही," मालक म्हणाले आणि खुर्ची वळवून काकांकडे बघायला लागले. "काका, तुमचं मत काय? राहू दे ना आपलं जुनंच?"

मंगळवार टेबलावर आयता येऊन पडला होता. काकांनी फक्त "हो" म्हणायचं होतं. तेही म्हणायची गरज नव्हती, मान हलवली असती तरी चाललं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हात न लावता काहीतरी दुरुस्त झालं होतं. त्यांना मुलीचा राग आला. इतकं गोड बोलणारी मुलगी, आणि नेमक्या वेळी खोटं बोलताना तिला एक धड कारण सुचू नये! मग त्यांना स्वतःचा राग आला, आणि तो बराच जुना होता.

ते उभे राहिले. खुर्ची मागे सरकवली. रुमाल काढला, पण पुसायला समोर काही नव्हतं, म्हणून पुन्हा खिशात ठेवला.

"चूक त्यांच्या सॉफ्टवेअरची नाही," काका म्हणाले. "पत्र या प्रोग्राममध्ये लिहायचंच नसतं. पत्रांचा प्रोग्राम वेगळा असतो. तो तुमच्या प्रत्येक मशीनमध्ये आहे, मीच घातलाय. तिथे लिहिलं असतं तर कुठलंही बटण दाबून ओळी हलल्या नसत्या. बाईंना चौकोनांत लिहायला मी शिकवलं. तेव्हा मला तेवढंच येत होतं. नंतर कळलं, पण सांगायची लाज वाटली."

सहा रंगांचे सहा बाण जागच्या जागी थांबले.

"म्हणजे आमची आजवरची सगळी पत्रं चुकीची?" मालकांनी विचारलं.

"चुकीच्या जागी, साहेब. मजकूर बरोबर होता."

"पोचली मात्र."

"पोचली."

जावकबाई काकांकडे बघत राहिल्या. त्या चिडतील असं काकांना वाटलं होतं. "मला एकदा वाटलं होतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या भाचीने सांगितलं होतं, मावशी, हे असं नसतं. मी तिला म्हटलं, आमचे काका काही उगाच सांगणार नाहीत."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं असं काकांना वाटलं.

मालकांनी बराच वेळ बोटांनी टेबल वाजवलं. मग म्हणाले, "आता मुळापासून शिकायचंच आहे, तर नव्यावर शिकू. ताई, कागद आणलेत का?" ताईंनी आणले होते. सही व्हायला चार मिनिटं लागली. काकांनी पुढे होऊन मालकांना पेन दिलं, कारण मालकांचं चालत नव्हतं.

जिन्यात बाप-लेक दोघंच उरले. खाली कारखान्यात बिजागऱ्या एकसारख्या आपटत होत्या. मुलगी मधल्या पायरीवर थांबली.

"गप्प का नाही बसलात बाबा? मिळालं होतं तुम्हाला."

"तू का बसलीस गप्प? तुला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं."

"मग काय करायचं होतं? सगळ्यांसमोर सांगायचं, माझ्या बाबांना येत नाही म्हणून?"

काकांनी कठडा धरला. वय झाल्यावर माणसं कठडा धरतात, त्यामुळे ते काही वेगळं दिसलं नाही.

"सांगायला हरकत नव्हती," ते म्हणाले. "खरंच येत नाही मला."

"म्हणजे?"

"तो पत्रांचा प्रोग्राम. सगळ्यांच्या मशीनमध्ये घातला, पण मी तो कधी उघडलाच नाही. उघडला असता तर शिकवायला लागला असता." ते एक पायरी उतरले आणि पाठ तिच्याकडे ठेवूनच म्हणाले, "पत्र कसं लिहितात ते दाखवशील मला? पुढच्या मंगळवारी मी मोकळाच आहे."