ओळखीचा माणूस चालत नाही

रत्नागिरीत अनोळखी माणूस आता औषधालाही सापडणार नाही आणि त्याला आमच्या समोरच्या घरातले काका जबाबदार आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. काकी गेल्यावर घर खायला उठतं म्हणून त्यांनी या वयात नोकरी धरली. एस.टी. स्टँडबाहेर उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून 'चहाची पावडर कुठची वापरता?' असं विचारायचं आणि उत्तर कंपनीच्या मोबाइलात भरायचं. शेंबडं पोरही करील असं काम! पण गाव विचारल्याशिवाय काकांना माणसाशी बोलताच येत नाही. "गाव कुठचं? मालगुंड? मालगुंडात कोणाकडचे?" इथून सुरू झालेली गाडी आजोळ, सासुरवाड, यंदाचा आंबा अशी फिरत चहापर्यंत पोचायची, तोवर समोरच्याची एस.टी. सुटलेली असायची. अशा एका गृहस्थाला त्यांनी सरळ घरी जेवायलाच आणलं. मिरजोळ्यात दिलेल्या त्यांच्या भाचीचा तो चुलत दीर निघाला होता. माशाचं कालवण ओरपून झाल्यावर काकांना प्रश्न आठवला. तो म्हणाला, "मी चहा घेतच नाही." काका वैतागतील? छे! त्याला आणखी सोलकढी वाढली.

खरी पंचाईत पुढेच होती. मोबाइलात शेवटी विचारलेलं असे, 'हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?' काका इमानदारीत 'हो' दाबायचे आणि ओळखीच्याचं उत्तर कंपनीला चालायचं नाही. सगळी मेहनत फुकट! पुण्याहून साहेबाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काका फोन नेहमी स्पीकरवरच घेतात.

"काका, अनोळखी माणसं हवीत हो. नाहीतर काम बंद करावं लागेल."

"अहो, मी थांबवतो तेव्हा ती अनोळखीच असतात!"

"मग 'नाही' दाबा की."

"माझ्याकडे जेवून गेला माणूस. त्याला ओळखत नाही कसं म्हणू?"

नोकरी गेली. त्या साहेबाचा मला अजून राग येतो.

काका तरीही संध्याकाळी स्टँडवर जातात. पण आता हातात तो मोबाइल नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. असा म्हातारा गाव विचारू लागला की माणसं पिशवी सावरत सटकतात. परवा ते बाकावर एकटेच बसलेले दिसले. मी समोर जाऊन उभा राहिलो. "काका, मला घाई नाही. विचारा."

माझं गाव, आजोळ, सगळं त्यांना पाठ. विचारणार काय? शेवटी म्हणाले, "चहा कुठचा पितोस रे?"

"आज तुमच्याकडचा."

काका लगबगीनं उठले. "चल तर. नाहीतरी माझ्या हातून अजून दोघांचाच होतो."