आमेन होईस्तोवर डोळे उघडायचे नाहीत

आमच्या घरी भांडण कधी झालंच नाही. नाचणगावात कोणालाही विचारा, मास्तरांचं घर म्हणजे शांतीचं घर, हेच सांगतील. खरंच आहे. आम्ही भांडत नव्हतो, प्रार्थना करत होतो.

रोज रात्रीच्या जेवणाआधी घरची उपासना. एक गीत, शास्त्रातला एक अध्याय, मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना: बाबा, आई, ताई, शेवटी मी. नियम बाबांचे. एकदा डोळे मिटले की मधात कोणी बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे 'तसंच होवो'. तोंडानं आमेन आणि पोटात दुसरंच, हे देवाशी खोटं बोलणं, असं ते पुलगावच्या चर्चमध्येही बजावून सांगत.

बाबा सुरुवात अगदी शुद्ध मराठीत करत. 'हे दयाळू स्वर्गीय पित्या' म्हणून निघालेली गाडी थोड्याच वेळात आमच्या चुलीपाशी येऊन थांबे. या घरात काही लोकाइचं दूध रोज उतू जाते, त्याइले सुबुद्धी दे, प्रभू. आई मुकाट्यानं आमेन म्हणायची. माझे गणिताचे मार्क तर शेजाऱ्यांच्या आधी देवाला कळत. जवाब द्यायची सोय नव्हती, डोळे मिटलेले ना!

ताई बारावी झाली आणि तिनं नागपूरला नर्सिंगला जायचं म्हटलं. बाबा साफ नाही म्हणाले. परक्या माणसांची घाण काढायला पोरीला शिकवलं काय, हा त्यांचा सवाल. हेच बाबा प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट सांगताना दरवेळी रडायचे. पाय धुवावेत, पण आपल्या पोरीनं नाही.

मग उपासनेत जुंपली. हिच्या डोक्यातलं खूळ काढ, असं बाबा देवाला सांगत, तेव्हा ताई ओठ घट्ट मिटून घेई. बाबांचं मन वळव, असं ताई म्हणे, तेव्हा आमेनच्या वेळेला बाबांना नेमका खोकला येई. भाकरी रोज गार व्हायची आणि ताई अर्धीच खाऊन उठायची. मला तिची फार कीव यायची.

अर्जाची मुदत उद्या संपणार, त्या संध्याकाळी आईचा नंबर आला. आईची प्रार्थना एका ओळीची, सगळ्याइले चांगलं ठेव, बस. त्या दिवशी ती जरा थांबली.

"प्रभू, माह्या पोरीले नागपूरले जाऊ दे. अन् तिच्या बापाले खोकल्यातून बरं कर. आमेन."

ताई आणि मी आमेन म्हणालो. बाबांचं आमेन काही आलं नाही. पुढची प्रार्थना सुरू होईना, डोळे कोणी उघडेना. आई तर बसली ती बसलीच, वरण आटलं तरी हलली नाही. शेवटी बाबांनी घसा साफ केला. आता खोकतात, असं मला वाटलं.

"आमेन," ते म्हणाले.

ताई नागपूरला गेली. त्या संध्याकाळी आईची प्रार्थना झाल्यावर मी लगेच सुरू करणार, तोच बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब. ताईचा नंबर आहे."

आम्ही थांबलो, तिला लागला असता तेवढा वेळ. मी नियम मोडून हळूच पाहिलं. बाबांचे डोळे उघडे होते, चटईवरच्या तिच्या जागेकडे लागलेले. मग ते आमेन म्हणाले. त्या दिवसापासून रोज म्हणत, आणि एकदाही खोकले नाहीत.