लालमियाँचे दात

आमच्या कुंभार पिंपळगावच्या बँडात मी ढोल बडवायचो अन् लालमियाँ क्लॅरिनेट वाजवायचा. खरं सांगू का, बँड त्याचाच, आम्ही आपले नुसते धाडधाड. पोरगी सासरी निघाली की हा अशी बिदाई वाजवायचा, नवरदेवाकडचे बी डोळे पुसायचे.

२००४ साली आष्टीच्या लग्नाहून येताना टेम्पो कलंडला अन् त्याचे समोरचे वरचे दात गेले. दातांबिगर क्लॅरिनेट धरताच येत न्हाई. कवळी लावून पाह्यली, ती फुंकीसरशी सटकायची. अन् पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या एकुलत्या पोरीचं, कमरुन्निसाचं लग्न ठरलेलं. "कमरूची बिदाई मीच वाजवणार, कडूबा," हा एकच धोसरा. शेवटी सौदीतल्या मेव्हण्यानं खर्चा उचलला अन् मी त्याला औरंगाबादला घेऊन गेलो.

डॉक्टरनं हिरडीखालच्या हाडात स्क्रू बसवले, टाके घातले. त्याच्यावर दात चार महिन्यांनी, म्हणला. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढंल, घाबरू नका. आधी गालावर बाहेरून बर्फ, झोपताना उशी उंच, मंग कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गोळ्या बराबर घ्यायच्या. अन् विचारलं, "तंबाखू खाता?"

"बिलकुल न्हाई," लालमियाँ म्हणला.

खोटं न्हाई बोलला तो. मिसरीला आमच्याकडं तंबाखू म्हणतं कोण? तव्यावर जाळलेली तंबाखूच ती, पण दात घासायची चीज. सासू घासती, सून घासती, लालमियाँ बी घासायचा.

घरी सुगराबीनं, त्याच्या बायकोनं, हाटेलातून बर्फ आणून गालावर धरला. तिसऱ्या दिवशी तोंड हे एवढं झालं, डोळा मिटला. डॉक्टरनं आधीच सांगितल्तं, पण ह्याला ठणका सोसंना. गोळ्या टाकल्या बाजूला अन् ह्या शहाण्यानं चिमूटभर मिसरी टाक्यांवर दाबून धरली. ठणका गेला. मंग काय, रोज सकाळ-संध्याकाळ तेच. सूज बी उतरली. गावभर सांगत सुटला, डॉक्टरपरीस मिसरी भारी. गावानं बी माना डोलावल्या, गावाचं काय जातंय!

महिन्याभरानं हिरडीतून पू यायला लागला. स्क्रू जिभेनं हलायचे. डॉक्टरनं ते काढले, मिसरीचं ऐकून कपाळाला हात लावला. हाड झिजलं, आता इथं काही बसणार न्हाई, म्हणला. लालमियाँ आपला एकच विचारत राह्यला, "पण दुखत नव्हतं की, डॉक्टरसाब. दुखत नव्हतं तर बिघडलं कसं?" मला रडू आवरंना, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राह्यलो.

लग्नाला नवऱ्याकडच्यांनी अंबडचा बँड ठरवल्ता. कमरूनं निरोप धाडला, अब्बा वाजवणार नसतील तर माझ्या लग्नात कोणाचाच बाजा नको. सगळे म्हणले, काय गुणाची पोर! मी बी म्हणलो.

तिसऱ्या पहारी जीप निघाली. मांडवात चिडीचूप. पोर बापाच्या गळ्यात पडून रडली तेवढाच आवाज, अन् मागं जेवणाच्या देगी घासल्याचा. लालमियाँ तोंडावर रुमाल धरून उभा. जीप वळणाआड गेल्यावर माझा हात धरून म्हणला,

"कोणाचा बी बाजा चालला असता रे, कडूबा. माझी पोर मयत निघाल्यावानी गेली."