मी ठोकून दिलेली व्युत्पत्ती

शाळेच्या फाटकातून आत आलं की डाव्या भिंतीवर एक मोठा फळा आहे. सेलूच्या आमच्या शाळेत तो बावीस वर्षं माझा होता. कागदोपत्री नव्हता, पण होता. मी मराठी आणि संस्कृत शिकवते. रोज परिपाठाच्या आधी वीस मिनिटं येऊन मी त्यावर सुविचार लिहायची, आणि त्याखाली एक मराठी शब्द आणि त्याचं मूळ. खडू आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवायची, म्हणजे अक्षर ठसठशीत उमटतं. पोरांना सोडायला आलेले पालकसुद्धा थांबून ते अक्षर बघायचे. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मग इंग्रजीला नवी बाई आली. बाई म्हणजे खरं तर मीच, तिला पोरं मॅडम म्हणतात. पाथरीकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही वसतिगृहात राहून शिकलेली. वय माझ्या नोकरीपेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त, एवढंच. पहिल्याच महिन्यात ती हेडसरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, मला बी रोज एक शब्द लिहायचाय." हेडसर मला म्हणाले, "बाई, अर्धा फळा मॅडमला द्या की. तुम्हालाही तेवढाच आराम."

आराम मी मागितला नव्हता. त्यांनी माझ्यादेखत फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली, तीही वाकडी.

तिनं आपल्या भागाला नाव दिलं, 'एक शब्द, चार घरं'. युरोपातल्या भाषांमधला एखादा छोटासा शब्द घ्यायचा, तो कुठल्या घरी कुठल्या अर्थानं नांदतो आणि तिथं कुठून आला ते लिहायचं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आठ दिवसांत पोरं कंटाळतील म्हणून मी वाट बघितली. एके दिवशी तिनं 'पान' लिहिला. स्पेनमध्ये पाव, पोलंडमध्ये साहेब, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. माझ्या वर्गातली पोरं दिवसभर एकमेकांना 'या पान, बसा पान' म्हणून मुजरे करत होती. दुसऱ्या दिवसापासून घंटेच्या आधीच तिच्या बाजूला दाटी व्हायला लागली. माझा सुविचार एकटाच उभा. मी स्टाफरूमच्या खिडकीतून ते बघायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. शब्द चांगले असायचे म्हणून जास्तच व्हायचा. तिनं काही भिकार लिहिलं असतं तर मी तिला मायेनं शिकवलं असतं.

असाच एक दिवस 'रोक' आला. परिपाठ चालू होता, पोरं मैदानात रांगेनं उभी होती आणि मॅडम माईकवर सांगत होती. "चेक भाषेत रोक म्हणजे वर्ष. रशियन भाषेत रोक म्हणजे नशीब. ही दोघं सख्खी भावंडं हायत. मुळात अर्थ 'सांगणं'. सांगून ठरवली ती मुदत. एका घरी तिचं वर्ष झालं, दुसऱ्या घरी नशीब. डच लोकांत रोक म्हणजे बायकांचा घागरा. त्याचं खानदान येगळं, जर्मन बाजूच्या जुन्या कपड्याच्या शब्दाचं. आन् इंग्रजी रॉक, म्हणजे खडक, फ्रेंचांकडून आला. त्याच्या आधीचं मला सापडलं न्हाई. शोधायलेय."

हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी पुढं झाले आणि माईक हातात घेतला.

"एवढं शोधायला कशाला पाहिजे, मॅडम?" मी म्हणाले. "खडक काय करतो? वाट रोखतो. रोखणे! नशीब माणसाला रोखतं. वर्ष काळाला रोखून धरतं. घागरा लोकांची नजर रोखतो. चारही शब्द आपल्याकडूनच तिकडं गेलेत!"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हेडसरांनीही केला. बोलतानाच मला कळत होतं की यात तीळभर तथ्य नाही. तोंडावळा जुळला म्हणून शब्दांची सोयरीक जुळवू नये, हे वर्गात मीच घसा कोरडा करून सांगते. पण त्या टाळ्या किती दिवसांनी माझ्या होत्या! मी मान ताठ करून जागेवर गेले.

मॅडमचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन धावतच आली. "बाई, कसलं भारी सांगितलंत! मी चार दिवस शोधायले, आन् तुमी एका दमात सांगून टाकलं. संस्कृत येत न्हाई ना मला, म्हणून असं होतं." डोळे नुसते चमकत होते. "परवा परभणीला शाळांचं प्रदर्शन हाय. पोरींनी लगेच तक्ता करायला घेतलाय. मधी 'रोखणे', चार बाजूंला चार भाषा. खाली तुमचं नाव घातलंय. इद्यापीठातली माणसं बी येणार हायत म्हणं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्त्यावर तिचं नाव असतं तर मी गप्प बसले असते आणि परभणीत तिची शोभा झालेली मजेत ऐकली असती. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. नाव माझं होतं म्हणून मला घाम फुटला.

तिला एकटीला गाठून सांगता आलं असतं. पण पोरांनी ते वह्यांत उतरवून घेतलं होतं, माझ्याच पद्धतीनं, खाली दोन रेघा मारून. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी माईक मागून घेतला. म्हणाले, "काल मी रोखणे सांगितलं ते खोटं आहे. मी ते जागच्या जागी बनवलं. तुमच्या मॅडमपेक्षा मला जास्त येतं असं दाखवायचं होतं. वहीत खोडा, आणि तो तक्ता परभणीला जाणार नाही."

हेडसर बुटाकडे बघत होते. मग सहावीच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "मग बाई, त्या खडकाचं खरं काय हाय?"

विचारलं मला होतं, पण सगळ्या माना मॅडमकडे वळल्या. माझीसुद्धा. मलाही ते ऐकायचंच होतं.

ती पुढं आली. "मला माहीत न्हाई," ती म्हणाली. "लय शोधलं. यात जलम घातलेल्या लोकायला बी पक्कं माहीत न्हाई."

आणि हसली. तीनशे पोरांसमोर, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, कुणाकडे पाणी मागावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं. पोरांचं काही बिघडलं नाही. उलट मागच्या रांगेतून "मग आमी शोधू!" असा गलका झाला. मला बावीस वर्षांत कितीदा तरी उत्तर आलं नव्हतं. दर वेळी मी विषय बदलला होता, नाहीतर विचारणाऱ्याला गृहपाठावरून झापलं होतं. इतके दिवस मी तिच्या शब्दांवर आणि तिच्याभोवतीच्या गर्दीवर जळत होते. ज्यापुढं तो हेवा काहीच नव्हता, असा हेवा मला त्या वेळी वाटला.

घंटा झाली. वर्गाकडे जाताना मी तिचं ते 'मला माहीत न्हाई' तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. नीट येईना.